सिमची पेटी व तिचा करारनामा

जमिनीचा व्यवहार करतांना आपला शेतकरी आतां पुष्कळ सावध झाला आहे. सात-बाराचा उतारा पाहिल्याशिवाय तो इसार देत नाहीं. फेरफार मंजूर झाला कीं नाहीं याची तलाठ्याकडे दोनदां चौकशी करतो. खरेदीखतांतील चतुःसीमा वाचून घेतो. परंतु हाच मनुष्य टेलिफोनच्या कागदावर डोळे मिटून सही करतो, अगर हल्लींच्या रीतीप्रमाणें यंत्राच्या कांचेवर अंगठा टेकवून मोकळा होतो. टेलिफोनचा करार म्हणजे शे-दोनशें रुपयांची बाब, त्यांत पाहावयाचें तें काय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रस्तुत लेखांत ज्या यंत्राविषयीं लिहावयाचें आहे, त्याच्या बाबतींत ही समजूत घातक ठरेल. या क्षुल्लक दिसणाऱ्या कागदापायीं मोठ्या दंडाची व कैदेची आपत्ति ओढवूं शकते. आणि नफा ज्यानें खाल्ला त्याच्या आधीं, कागदावर ज्याचें नांव आहे त्याला तिची झळ लागते.

यंत्र कोणतें

तारेचा टेलिफोन खांबांवरून किंवा जमिनींतून आलेल्या तारेवर चालतो. नंदुरबार जिल्ह्यासारख्या मुलुखांत ही तार सर्वत्र नेणें कधींच सोपें नव्हतें. तापीकांठच्या सपाटीवर खांब रोवतां येतात; परंतु अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या डोंगरांत एक पाडा टेकडीवर तर दुसरा दरीपलीकडे, अशा ठिकाणीं तार ओढण्याचा व ती सांभाळण्याचा खर्च फार येतो. म्हणून तारेच्या जागीं मोबाइलच्या मनोऱ्यावरून चालणारा घरगुती टेलिफोन ही सोय निघाली. केंद्र सरकारनें १७ नोव्हेंबर २०२१ रोजीं महाराष्ट्रासह पांच राज्यांतील ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गांवांना मोबाइल सेवा पोंचविण्याची योजना मंजूर केली. त्यापुढें २७ जुलै २०२२ रोजीं देशांतील २४,६८० वंचित गांवांसाठीं निराळी योजना मंजूर झाली. मनोरे जसे डोंगरांत शिरतील तशीं हीं यंत्रेंही शिरतील, हें उघड आहे.

हीं यंत्रें तीन प्रकारचीं आहेत. पहिला प्रकार टेबलावर ठेवण्याच्या फोनचा. दिसावयास तो जुन्या तारेच्या फोनसारखा असतो, परंतु पोटांत मोबाइलचें सिम असतें. दुसरा प्रकार म्हणजे एक लहान पेटी. तिच्या एका अंगास सिम बसतें व दुसऱ्या अंगास जुना टेलिफोन अगर कचेरींतील लहान एक्स्चेंज जोडतां येतें. साखर कारखाना, बाजार समिती, जिनिंग, मोठी सोसायटी अशा ठिकाणीं टेबलावरून टेबलावर बोलण्यासाठीं जें एक्स्चेंज असतें, त्यांतून बाहेरचा कॉल या पेटीमार्फत मोबाइलच्या जाळ्यावर जातो. तिसरा प्रकार अनेक सिमांच्या पेटीचा. हिला सिम बॉक्स म्हणतात. हिच्यांत १६, ३२ किंवा अधिकही सिमें बसतात. एका बाजूनें इंटरनेटवरून कॉल आंत येतात व दुसऱ्या बाजूनें ते साध्या मोबाइल कॉलच्या रूपानें बाहेर पडतात.

या तिन्ही प्रकारांत यंत्रशास्त्राचा फरक थोडा आहे. खरा फरक वापराचा व कराराचा आहे. स्वतःच्या बांधावरून स्वतःची गाडी नेणें निराळें, आणि त्याच बांधावरून परक्यांच्या गाड्या रात्रंदिवस नेऊन त्यांच्याकडून पैसे घेणें निराळें. पहिल्याला कोणी हरकत घेत नाहीं. दुसऱ्यानें सरकारी नाका चुकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पेटींतून गेलेला कॉल ज्याला येतो, त्याच्या फोनवर मूळ बोलणाराचा क्रमांक उमटत नाहीं. पेटींतील सिमचा क्रमांक उमटतो. बोलणारा दुबईंत असो कीं आणखी कोठें, समोरच्यास तो नंदुरबारच्या अमक्या खातेदाराचा क्रमांक म्हणूनच दिसतो. पुढील सर्व अनर्थाचें मूळ या एका गोष्टींत आहे.

नफा कोठून येतो

एका कंपनीचा कॉल दुसऱ्या कंपनीनें पोंचविल्याबद्दल कंपन्यांमध्यें देणें-घेणें चालत आलें आहे. देशांतल्या देशांत हा आकार क्रमाक्रमानें उतरत गेला. तारेच्या फोनशीं संबंध असलेल्या कॉलवरील आकार १ मार्च २०१५ पासून शून्य झाला. मोबाइलवरून मोबाइलवर जाणाऱ्या कॉलचा आकार १ ऑक्टोबर २०१७ पासून मिनिटास १४ पैशांवरून ६ पैसे झाला, व १ जानेवारी २०२१ पासून तोही नाहींसा झाला. परदेशांतून येणाऱ्या कॉलवरील आकार मात्र राहिला. दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्यास सर्व लोक ट्राय म्हणतात, त्यानें १ मे २०२० पासून तो मिनिटास ३५ ते ६५ पैसे अशा मर्यादेंत ठेवला.

आतां हिशेब पाहावा. परदेशी कॉल इंटरनेटवरून पेटींत उतरवून घेतला, तर तो देशांतलाच कॉल म्हणून पुढें जातो व हा आकार बुडतो. एका सिमवरून दिवसास १० तास, म्हणजे ६०० मिनिटें, कॉल गेले असें धरूं. ३५ पैशांच्या किमान दरानेंही एका सिमवर दिवसास २१० रुपये चुकले. ३२ सिमांच्या पेटींत हीच रक्कम दिवसास ६,७२० रुपये व ३० दिवसांत २,०१,६०० रुपये होते. सिमांना अमर्याद बोलण्याची योजना घेतलेली असते, म्हणून प्रत्येक मिनिटामागें खर्च असा कांहींच येत नाहीं. या रकमेंत वांटेकरी पुष्कळ असतात हें खरें; तथापि ज्याच्या खोलींत पेटी राहते त्यास महिना चार-पांच हजार रुपये सहज देतां यावेत, एवढी जागा या हिशेबांत आहे. कोणी अनोळखी मनुष्य कांहींएक श्रम नसतां भाडें देऊं लागला, म्हणजे तें कोठून देतो याचा हिशेब प्रथम मांडावा.

कायदा काय म्हणतो

टेलिफोनची यंत्रणा उभारून लोकांचे कॉल नेणें हा सरकारचा, किंवा सरकारनें ज्यास परवाना दिला त्याचा, अधिकार होय. हें तत्त्व १८८५ च्या भारतीय तार कायद्यापासून चालत आलें आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तेंच पुढें चालविलें असून त्यांत शिक्षा सांगितल्या आहेत. अधिकारपत्राशिवाय दूरसंचार सेवा देणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फसवणुकीनें अगर दुसऱ्याचें सोंग घेऊन सिम मिळविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठरलेल्या संख्येपेक्षां अधिक सिमें वापरणाऱ्यास पहिल्या वेळीं ५० हजार व पुढील प्रत्येक वेळीं २ लाख रुपयांपर्यंत दंड. ही संख्या महाराष्ट्रांत एका व्यक्तीस, सर्व कंपन्यांचीं मिळून, ९ आहे.

हा केवळ कागदी धाक नव्हे. जून २०१७ मध्यें लातूर जिल्ह्यांत व २०२४ सालीं भिवंडी येथें अशा तऱ्हेचीं अनधिकृत एक्स्चेंजें दहशतवादविरोधी पथकानें पकडलीं. चोरीचा मामला असतां तें पथक कां यावें, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर वर सांगितलेंच आहे. जेथें बोलणाराचा खरा क्रमांक उमटत नाहीं, तेथें खंडणी मागणारा, बँकेचा अधिकारी म्हणून गरिबांना लुबाडणारा, आणि देशाचा शत्रु, हे सर्व एकाच पडद्याआड बसूं शकतात.

इतर देशांतही हाच विचार झालेला आहे. ब्रिटनमध्यें स्वतःच्या उपयोगापुरती अशी पेटी ठेवण्यास मोकळीक आहे. परंतु अनेकांचे कॉल व्यापारासाठीं नेणाऱ्या पेट्यांचा वाद कित्येक वर्षें कोर्टांत चालला. बोलणारा कोण हें तपास करणाऱ्यांस कळत नाहीं, या कारणावरून अशा पेट्यांस मोकळीक देऊं नये असा सरकारी हुकूम होता. तो देण्याचा अधिकार सरकारास आहे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें मार्च २०२३ मध्यें ठरविलें. स्वतःचा वापर व परक्याचा व्यापार, यांमधील रेघ तेथेंही तीच आहे.

थोरांचे वाद व त्यांपासून घ्यावयाचा बोध

करारांतील एकेका शब्दाला किती किंमत असते, हें मोठ्या कंपन्यांच्या वादांवरून समजतें. परदेशी कॉल देशांतील म्हणून दाखविल्याचा ठपका ठेवून दूरसंचार विभागानें २००४ सालीं रिलायन्स इन्फोकॉम कंपनीस १५० कोटि रुपये दंड केला. पुढें भारत संचार निगम व रिलायन्स यांच्या करारांतील एका कलमावर वाद झाला. कॉल करणाराचा क्रमांक बदलून अगर चुकीच्या वाटेनें कॉल दिले, तर त्या वाटेवरील मागील दोन महिन्यांपर्यंतच्या कॉलांचा आकार सर्वांत चढ्या परदेशी दरानें घ्यावा, असें तें कलम होतें. हें कलम दंडरूप असून अन्यायाचें आहे असा एक पक्ष होता. नोव्हेंबर २०१० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, नुकसानीचा हा आधींच मान्य केलेला वाजवी अंदाज आहे, म्हणून तो बंधनकारक आहे. तात्पर्य असें कीं, सहीच्या वेळीं जी नुकसानभरपाई मान्य केली, ती मागाहून 'फार होते' म्हणून सहजीं टळत नाहीं. १८७२ च्या करार कायद्याचें ७४ वें कलम वाजवी रकमेपुरतें संरक्षण देतें. पण वाजवी काय, हें सिद्ध करण्यासाठीं कोर्टाची पायरी चढावीच लागते.

दुसरा वाद टाटा कंपनीच्या 'वॉकी' या टेबलफोनाचा. हा फोन घरांत ठेवावयाचा म्हणून स्थिर, कीं उचलून नेतां येतो म्हणून फिरता, असा प्रश्न होता. कारण त्यावरून भारत संचार निगमास द्यावयाचा आकार ठरत असे. सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं तो फिरता ठरविला व कंपनीवर त्या आकाराचा बोजा बसला. यंत्र तेंच, टेबल तेंच. केवळ व्याख्येच्या एका शब्दानें मोठी रक्कम इकडची तिकडे झाली. जेथें पगारी वकील असलेल्या कंपन्यांस ठेंच लागते, तेथें आपण तर ताकही फुंकून प्यावें.

करार वाचतांना पाहावयाचीं कलमें

महसुली कचेरींत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एवढें निश्चित सांगतां येतें कीं, कोणताही लांबलचक कागद आठ-दहा प्रश्न घेऊन वाचला म्हणजे तो सोपा होतो. टेबलफोन अगर सिमची पेटी घेतांना पुढील मुद्दे पाहावेत.

(१) नांव. सिम कोणाच्या नांवावर आहे? जो वापरणार त्याच्याच नांवावर असावें. भावाच्या, गड्याच्या, सोसायटीच्या शिपायाच्या नांवावर सिम घेऊन दुसऱ्यानें वापरूं नये. संस्थेस अनेक सिमें हवीं असल्यास पूर्वीची घाऊक जोडण्यांची पद्धत दूरसंचार विभागानें २०२३ सालीं बंद केली आहे. आतां संस्थेची नोंद करून प्रत्येक प्रत्यक्ष वापरणाराची ओळख पटवावी लागते.

(२) वापर. बहुतेक योजनांत 'स्वतःच्या, अव्यापारी वापरासाठीं' अशा अर्थाचे शब्द असतात व सेवा दुसऱ्यास विकण्यास मनाई असते. 'अमर्याद' या शब्दाचा अर्थ या कलमाच्या आंतच घ्यावयाचा. संस्थेच्या एक्स्चेंजास पेटी जोडावयाची असेल, तर तसें स्पष्ट लिहून कंपनीची लेखी संमति घ्यावी व ती दप्तरीं ठेवावी. विक्रेत्याचें तोंडी 'चालतें हो' हें कोणत्याही चौकशींत उपयोगी पडत नाहीं.

(३) जागा. स्थिर म्हणून दिलेला फोन कागदावरील पत्त्यावरच ठेवावयाचा असतो. घरचा फोन शेतांतील झोंपडींत अगर दुसऱ्या गांवीं नेतां येईल काय, हें विचारून घ्यावें.

(४) यंत्राची मालकी. यंत्र विकत आहे कीं भाड्यानें? भाड्याचें असल्यास वीज पडून जळालें तर भरपाई कोणाची? यंत्र एकाच कंपनीच्या सिमवर चालतें कीं कोणत्याही? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्वी बिनतारी टेबलफोन पुष्कळ घरीं होते व ते त्या त्या कंपनीलाच बांधलेले असत. १ डिसेंबर २०१७ पासून रिलायन्स कम्युनिकेशन्स कंपनीची आवाजी सेवा बंद झाली, आणि टाटाचा मोबाइल धंदा पुढें एअरटेलकडे गेला. अशा वेळीं केवळ एकाच कंपनीवर चालणारें यंत्र शोभेपुरतें उरतें.

(५) अनामत. अनामत किती, ती कोणत्या कारणानें कापली जाईल, व सेवा बंद केल्यावर किती दिवसांत परत मिळेल, हें लिहिलेलें असावें. पावती जपून ठेवावी; पावतीशिवाय अनामत म्हणजे दान.

(६) दर. योजना घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आंत ग्राहकाच्या तोट्याचा बदल कंपनीस करतां येत नाहीं, असा ट्रायचा नियम आहे. टेबलफोनावर इंटरनेट लागत नाहीं. मग त्याचे पैसे कां द्यावेत? ट्रायनें डिसेंबर २०२४ मध्यें नियमांत सुधारणा करून, केवळ बोलणें व संदेश यांची निराळी योजना ठेवणें कंपन्यांस भाग पाडलें आहे, व अशा विशेष योजनांची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्यास मोकळीक दिली आहे. दुकानदार आपण होऊन ही योजना दाखवील असें नाहीं, मागून घ्यावी.

(७) सेवा खंडित होणें. कोणत्या कारणानें व किती दिवसांच्या सूचनेनें सेवा बंद होईल तें पाहावें. शेतावरील फोन पावसाळाभर पडून राहतो. ९० दिवसांपर्यंत कोणताही वापर न झाल्यास क्रमांक बंद होऊं शकतो; मात्र आगाऊ पैसे भरलेल्या सिमच्या खात्यांत २० रुपये शिल्लक असल्यास तो टिकविण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे.

(८) वादाचें ठिकाण. 'सर्व वाद अमुक शहरींच चालतील' किंवा 'लवादाकडेच न्यावेत' असें छापलेलें असतें. तें वाचून घाबरून जाऊं नये. त्याचें उत्तर पुढें येत आहे.

अंगठा व त्याचें मोल

देशांतील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजीं याच जिल्ह्यांतील टेंभली गांवीं दिला गेला, हें वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हांपासून आपला अंगठा ही आपली सही, आपला दाखला व आपली जामीनकी झाली. सिम विकणारे कांहीं लबाड लोक 'अंगठा उमटला नाहीं, पुन्हां टेकवा' असें सांगून एका गिऱ्हाइकाच्या नांवावर दोन सिमें उठवितात. एक गिऱ्हाइकास मिळतें. दुसरें कोठल्या पेटींत जातें तें त्या गिऱ्हाइकास कळत नाहीं. म्हणून दुसऱ्यांदा अंगठा मागितल्यास कारण विचारावें, व पहिला प्रयत्न रद्द झाल्याचें यंत्राच्या पडद्यावर पाहून घ्यावें. मजुरीस गुजराथेंत जाणाऱ्या आपल्या बांधवांनीं तर परमुलुखांत रस्त्याच्या कडेला छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडे फुकटचें सिम घेऊंच नये.

आपल्या नांवावर किती जोडण्या आहेत हें पाहण्याची सोय दूरसंचार विभागानें 'संचार साथी' या नांवानें मे २०२३ मध्यें केली आहे. तेथें आपला मोबाइल क्रमांक घालून आलेला परवलीचा आंकडा दिला कीं सर्व क्रमांकांची यादी दिसते. जो आपला नव्हे त्यावर 'माझा नाहीं' अशी नोंद करतां येते. ज्यास स्वतः जमत नाहीं त्यानें घरांतील शिकलेल्या मुलामुलींकडून हें काम करून घ्यावें, परक्याकडून नव्हे. सात-बारा वर्षांतून एकदां पाहावा, तशी ही यादी दोन महिन्यांनीं एकदां पाहावी.

पेटी ठेवण्याचें भाडें

आतां मुख्य धोक्याकडे वळूं. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढणाऱ्यांस एक खोली, वीज, इंटरनेट व निमूट राहणारा मालक एवढेंच हवें असतें. शहरांत तपास वाढला म्हणजे असे लोक खेड्याकडे वळणार, हें समजण्यास फार अक्कल नको. परदेशांतून भारतीय क्रमांकाचें सोंग घेऊन येणारे कॉल अडविण्याची यंत्रणा सरकारनें २२ ऑक्टोबर २०२४ रोजीं सुरू केली, आणि पहिल्या चोवीस तासांतच सुमारें १ कोटि ३५ लाख कॉल तिनें अडविले. वेशीवरची वाट अशी बंद झाली म्हणजे चोराला गांवांतल्या घराचा आसरा अधिकच हवासा वाटतो.

समजा, कोणी येऊन म्हणाला, 'टॉवरची शक्ति वाढविण्याचें यंत्र आहे, तुमच्या वरच्या खोलींत ठेवूं द्या, महिना पांच हजार देतों, सिमें मात्र तुमच्या घरच्यांच्या नांवावर घ्यावीं लागतील.' यांत तीन खुणा आहेत. खरी कंपनी मनोऱ्यासाठीं जागा घेते तेव्हां रीतसर भाडेपट्टा करते व त्यावर कंपनीचा शिक्का असतो. खऱ्या यंत्रास घरच्यांच्या नांवाचीं सिमें लागत नाहींत. आणि खरी कंपनी 'कोणाला सांगूं नका' असें म्हणत नाहीं. यांपैकीं एक खूण दिसली तरी नकार द्यावा.

भाड्याचा करार लिहून घेतला म्हणजे आपण सुटलों, असेंही कोणी मानूं नये. करार कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें बेकायदा हेतूचा करार मुळांतच रद्द असतो. म्हणजे भाडें थकलें तर कोर्टांत मागतां येत नाहीं, आणि पंचनामा झाला तर तोच कागद आपल्याविरुद्ध पुराव्यास येतो. पेटीवाला दूर कोठें बसून उंटावरून शेळ्या हांकीत असतो. त्याचें नांव, गांव, ठिकाण कशाचाच पत्ता नसतो. पोलीस प्रथम येतात ते विजेचें बिल ज्याच्या नांवावर आहे त्याच्या दारीं. आपल्यास कांहीं ठाऊक नव्हतें हें सिद्ध करतां करतां दोन हंगाम निघून जातात. मिरची खळ्यावर राहते व पपई झाडावर पिकून सडते. पांच हजारांच्या भाड्यापायीं एवढी किंमत कोणी द्यावी?

तक्रार कोठें करावी

रास्त फोन घेतला व कंपनीनें करार मोडला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. हा क्रमांक म्हणजे आपल्या अर्जाची पोंच होय. तेथें निकाल न लागल्यास ३० दिवसांच्या आंत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावें. त्यानें ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाहीं, म्हणून तेथें अर्ज पाठवून वाट पाहत बसूं नये.

त्यानंतर ग्राहक आयोगाची वाट आहे. मधल्या काळांत २००९ च्या एका निकालामुळें टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक न्यायालयांत चालत नाहींत अशी समजूत रूढ झाली होती. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती वाट मोकळी केली. करारांत अगर कायद्यांत लवादाची तरतूद असली तरी ग्राहकास आयोगाकडे जातां येतें, असें ठरलें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणें तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यांतही तक्रार करतां येते. म्हणजे मुंबई अगर दिल्ली असें छापलेलें असलें तरी नंदुरबारच्या जिल्हा आयोगाचें दार आपणांस बंद नाहीं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीस फी पडत नाहीं. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत तक्रार करावी लागते. त्याच कायद्यांत 'अन्याय्य करार' म्हणजे काय तेंही सांगितलें आहे. भलतीच मोठी अनामत मागणें, नुकसानीच्या मानानें भलताच दंड लावणें, वाजवी कारण नसतां एकतर्फी करार संपविणें, ग्राहकावर गैरवाजवी अट लादणें, हे त्याचे प्रकार होत. असा करार रद्द ठरविण्याचा अधिकार मात्र जिल्हा आयोगास नसून राज्य व राष्ट्रीय आयोगांस आहे.

परदेशी बोली, परदेशी काम, पण क्रमांक मात्र आपल्या देशाचा, असा कॉल आल्यास दूरसंचार विभागाच्या १९६३ या क्रमांकावर कळवावें. पैसे गेलेच असल्यास विलंब न लावतां १९३० वर कळवावें. पहिल्या घटकाभरांत कळविल्यास रक्कम बँकेंत अडविली जाण्याचा संभव अधिक असतो.

संस्थांचें कर्तव्य

हें सर्व एकेका शेतकऱ्यानें एकट्यानें पाहावें अशी अपेक्षा करणें वाजवी नाहीं. ज्या संस्था खतें व बियाणें एकत्र घेतात, त्यांना टेलिफोनचे करारही सभासदांसाठीं एकत्र बसून वाचतां येतील. प्रत्येक गांवच्या सोसायटीनें वरील आठ प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून फळ्यावर लावावेत. महिन्यांतून एक दिवस नेमून सभासदांना संचार साथीवरील यादी पाहून द्यावी. आणि संस्थेच्या कचेरींत पेटी असेल तर तींतील प्रत्येक सिम कोणाच्या नांवावर व कोणत्या संमतिपत्रावर आहे याची नोंदवही ठेवावी. या कामास खर्च एका वहीचा आहे.

सिमची पेटी ही वाईट वस्तु नव्हे. डोंगरांतल्या पाड्यावर रात्रीं बाळंतीण अडली असतां टेबलावरचा फोन लागला, तर त्या फोनाचें मोल पैशांत होणार नाहीं. बाजाराचा भाव, पाटाच्या पाण्याची पाळी, दवाखान्याची गाडी, हीं सर्व कामें त्यानें साधतात. तो अवश्य घ्यावा. परंतु स्वतःच्या नांवावर, स्वतःच्या वापरासाठीं, स्वतः वाचलेल्या कागदावर घ्यावा. आपलें नांव व आपला अंगठा हें आपलें शेवटचें वतन आहे. तें खंडानें लावूं नये.